बंद केलेल्या कॉम्प्युटरला मध्यरात्री कोण उठवतं?

रात्री कॉम्प्युटर बंद करून झोपावं आणि पहाटे पाहावं तर पंखा गरगरतोय, स्क्रीनचा निळसर उजेड खोलीभर पसरलाय. असं पहिल्यांदा घडलं की मनात साधारण तीन शंका येतात. कोणीतरी बाहेरून मशीनमध्ये शिरलंय, मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी आतली मुख्य पाटी) गेलाय, किंवा (हे कोणी मोठ्याने बोलत नाही) काहीतरी भुताटकी आहे. यातली दुसरी शंका अधूनमधून खरी ठरते, पहिली जवळजवळ कधीच नाही. बहुतेक वेळा कॉम्प्युटर रीतसर परवानगीने उठलेला असतो. ती परवानगी कधी आणि कोणी दिली, एवढंच आपल्याला माहीत नसतं.

अशा वेळी लोक सापडेल ती सेटिंग बंद करत सुटतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो. त्यापेक्षा आधी एक गोष्ट ठरवावी: कॉम्प्युटर उठला तेव्हा तो झोपलेला होता, पूर्ण बंद होता, की चालू असतानाच कोसळून पुन्हा सुरू झाला? वरून तिन्ही घटना सारख्याच दिसतात, पण त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

"बंद" म्हणजे किती बंद?

जुन्या घरगुती कॉम्प्युटरला खरंखुरं बटण असायचं. खट्ट आवाज व्हायचा, वीज तुटायची, विषय संपायचा. विंडोज ९५ वापरलेल्यांना शटडाऊननंतर काळ्या पडद्यावर येणारी केशरी अक्षरं आठवत असतील: आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरने आपलं आवरलं, वीज तुम्ही तोडा.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे चित्र बदललं. या रचनेत पुढचं बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं. मग मदरबोर्ड एका हिरव्या वायरीतून पॉवर सप्लायला कळवतो, की चालू हो किंवा बंद हो. पण इशारा ऐकायला मदरबोर्डचा एखादा कोपरा तरी जागा हवा. म्हणून जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा, प्लग भिंतीत असेपर्यंत, चोवीस तास चालू राहतो. घरातले सगळे दिवे मालवले तरी दारावरची बेल चालूच असते, तसं. शटडाऊननंतरही नेटवर्कच्या पोर्टजवळ एखादा दिवा लुकलुकताना दिसतो, तो याच पुरवठ्यावर.

पुढे १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केलं. झोपेच्या पायऱ्या त्यात ठरवून दिल्या. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या. एस-३ म्हणजे नेहमीची झोप, स्लीप: सगळं बंद, फक्त मेमरीला वीज, त्यामुळे उघडलेल्या फाइली जिथल्या तिथे. एस-४ म्हणजे हायबरनेट: मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवून मेमरीचीही वीज तोडलेली. एस-५ म्हणजे शटडाऊन: काहीच जपून ठेवलेलं नाही, पण तो ५ व्होल्टचा पुरवठा आहेच. प्लग उपसल्याशिवाय किंवा पॉवर सप्लायमागचं बटण बंद केल्याशिवाय खरा "बंद" येत नाही.

आता यात एक पाचर. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर तुम्ही 'शट डाऊन' म्हणता तेव्हा विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, तुम्हाला साइन आउट करतं, पण स्वतःचा गाभा मात्र हायबरनेट करून ठेवतं. सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून. म्हणजे तुमच्या लेखी शटडाऊन, प्रत्यक्षात एस-४ चा चुलतभाऊ. याची खूण टास्क मॅनेजरमध्ये मिळते: परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री शटडाऊन करणाऱ्यालाही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. गंमत अशी की 'रीस्टार्ट' मात्र खरंखुरं, मुळापासून होतं. 'शिफ्ट' दाबून धरून 'शट डाऊन' वर क्लिक केलं तरी त्या वेळेपुरतं पूर्ण शटडाऊन होतं.

तेव्हा पहिली चाचणी हीच. शिफ्ट धरून शटडाऊन करा आणि रात्र जाऊ द्या. तरीही मशीन उठलं, तर विंडोजवर संशय घेण्यात फार अर्थ नाही, कारण त्या वेळी विंडोज नावालाही जागं नसतं. मग बायोस (विंडोजच्याही आधी चालणारं, मदरबोर्डमधलंच सॉफ्टवेअर) किंवा हार्डवेअर. उठलं नाही, तर गुन्हेगार झोपेच्या बाजूचा आहे.

आणखी एक साधी गोष्ट इथेच पाहून घ्यावी. कॅबिनेटचं किंवा लॅपटॉपचं पॉवर बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? अनेक मशीनवर त्याचा ठरलेला अर्थ 'स्लीप' असतो. वर्षानुवर्षं बटण दाबून "बंद" करणारे लोक खरं तर त्याला झोपवत असतात. सकाळी कालच्या खिडक्या तशाच उघड्या दिसल्या, तर तो बंद झालाच नव्हता. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' अशी ओळ आहे. बटणाचा अर्थ तिथे बदलता येतो, आणि त्याच पानावर फास्ट स्टार्टअपची खूणही काढता येते. ती खूण फिकट दिसत असेल तर आधी वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करावं लागतं.

कोणी उठवलं, हे कॉम्प्युटरलाच विचारा

विंडोजमध्ये या कामासाठी एक छोटं हत्यार आधीच बसवलेलं असतं: पॉवरसीएफजी. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत, 'पॉवर' या शब्दाला सी, एफ, जी ही तीन अक्षरं चिकटवून. स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. नंतर पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ (/), आणि रेघेला चिकटून आज्ञा.

पहिली आज्ञा 'लास्टवेक', हा एकच जोडशब्द. शेवटचं कोणी उठवलं ते ती सांगते. उत्तरात कधी 'पॉवर बटन' दिसतं, कधी यूएसबी कंट्रोलरचं नाव, कधी नेटवर्क कार्डाचं, तर कधी नुसताच शून्याचा आकडा, म्हणजे नोंद मिळाली नाही. दुसरी 'वेकटायमर्स': पुढे कोणी गजर लावून ठेवलाय का, याची यादी. तिसरी आज्ञा दोन शब्दांची, 'डिव्हाइसक्वेरी' आणि त्यापुढे स्पेस देऊन 'वेक' व 'आर्म्ड' यांच्यामध्ये अंडरस्कोअर. ती दिली की उठवण्याचा अधिकार असलेल्या सगळ्या उपकरणांची नावं समोर येतात. ही यादी पहिल्यांदा बघताना लोक चकित होतात: माऊस, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, सगळेच हक्कदार.

लास्टवेक फक्त शेवटची वेळ सांगतं, आणि सकाळी तुम्हीच कीबोर्डला हात लावून मशीन उठवलं असेल तर तिथे तुमचंच नाव. म्हणून जुनी पानं उलटायला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही हवी. त्यात विंडोज लॉग्ज, त्याखाली सिस्टिम, आणि मग 'पॉवर-ट्रबलशूटर' या स्रोताच्या नोंदी गाळून घ्या. प्रत्येक नोंदीत झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि 'वेक सोर्स' असतो. मला विचाराल तर या सगळ्या शोधातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ही वेळ. रोज रात्री बरोबर दोन वाजता उठत असेल तर कोणीतरी गजर लावलाय. वेळ रोज वेगळी, काही ताळमेळ नाही, तर माऊस किंवा नेटवर्क. वीज गेली आणि आली की लगेच, तर बायोस. नाव मिळण्याआधीच वेळ निम्मं काम करून देते.

माऊस, नेटवर्क आणि गजर

माऊसचं प्रकरण थोडक्यात. ऑप्टिकल माऊस पृष्ठभागाचे सतत फोटो काढून हालचाल ओळखतो. चकचकीत टेबल, भिंगाखाली अडकलेला केस, शेजारून जाणाऱ्या अवजड गाडीने होणारी थरथर, यातलं काहीही त्याला हालचाल वाटू शकतं. रात्री माऊस उलटा ठेवून पाहणं ही फुकटातली चाचणी. कायमचा उपाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये: माऊसवर डबल क्लिक, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब, आणि 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' समोरची खूण काढणे. कीबोर्डची खूण राहू द्यावी, नाहीतर मशीन उठवायला दर वेळी पॉवर बटण शोधावं लागेल. घरात मांजर असेल तर कीबोर्डचाही विचार करावा, हे मी गंभीरपणे सांगतोय.

नेटवर्क कार्ड जास्त रंजक. दूरवरून झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवता यावं म्हणून एएमडी आणि एचपी यांनी १९९५ मध्ये 'मॅजिक पॅकेट' ही युक्ती मांडली. (पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारं माहितीचं छोटं पुडकं.) आधी सहा बाइट, प्रत्येक बाइट एकच एक ठरलेला, सर्वांत मोठ्या किमतीचा. त्यामागे त्या नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता लागोपाठ सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. झोपेतही कार्ड येणारा प्रत्येक पॅकेट चाळत असतं, आणि त्यात स्वतःचं नाव सोळा वेळा ऐकलं की मदरबोर्डला हलवून जागं करतं. इतक्या वेळा नाव घेण्याचं कारण उघड आहे: योगायोगाने असा पॅकेट तयार होणं जवळजवळ अशक्य.

मग विनाकारण जाग का येते? कारण बऱ्याच कार्डांना मॅजिक पॅकेटखेरीज इतर पॅकेटांवरही उठण्याची मुभा दिलेली असते. घरातला राउटर, टीव्ही, प्रिंटर, फोन हे दिवसरात्र एकमेकांना हाका मारत असतात: या पत्त्यावर कोण आहे, अमुक सेवा कोण देतं. त्यातली एखादी हाक आपल्या झोपलेल्या मशीनच्या पत्त्यासाठी असते आणि ते उठून बसतं. अशा वेळी नेटवर्क कार्डाच्या त्याच 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट टू वेक द कॉम्प्युटर' ही खूण करावी. दुरून उठवण्याची सोय राहते, फुटकळ हाकांना उत्तर देणं थांबतं. ती सोय कधीच वापरत नसाल तर उठवण्याचा अधिकारच काढून घ्या. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्येही वेक शब्दाने सुरू होणाऱ्या काही ओळी असतात, आणि रिअलटेकच्या कार्डांवर 'शटडाऊन वेक-ऑन-लॅन' अशीही एक. शटडाऊननंतर नेटवर्कने उठणाऱ्या मशीनवर ही ओळ आधी तपासावी.

हॅकरच्या भीतीचंही इथेच उरकून टाकू. मॅजिक पॅकेट मुळात घरातल्या नेटवर्कपुरता असतो. राउटरमध्ये मुद्दाम वाट करून दिल्याशिवाय तो इंटरनेटवरून सहसा आत पोहोचत नाही. पोहोचला तरी तो फक्त उठवतो, पासवर्ड ओलांडत नाही. आणि ज्याला खरोखर चोरी करायची आहे तो पंखा गरगरवून, उजेड पाडून आपली वर्दी कशाला देईल? मशीनमध्ये कोणी शिरल्याचा संशय असेल तर तो वेगळा तपास आहे. आपोआप चालू होणं हा त्याचा पुरावा नव्हे.

तिसरा संशयित गजर, आणि रात्रीच्या बहुतेक जागरणांमागे माझ्या मते हाच असतो. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, त्याला गजर लावता येतो. विंडोजमधलं कोणतंही नियोजित काम "अमुक वाजता मला उठव" असं त्या घड्याळाला सांगू शकतं. विंडोजची 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' ठरलेली असते रात्री दोन वाजता, आणि त्यासाठी मशीन उठवायचं की नाही ही खूण कंट्रोल पॅनेलच्या 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' मध्ये दडलेली आहे. अपडेटची कामं, बॅकअपचे प्रोग्रॅम, अँटिव्हायरस हेही या रांगेत. टास्क शेड्युलरमध्ये एखादं काम उघडून 'कंडिशन्स' टॅब बघितला की 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क' ही ओळ दिसेल.

एकेक काम शोधत बसण्यापेक्षा मुळावर घाव घालणं सोपं. पॉवर ऑप्शन्स, आपल्या प्लॅनच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंग्ज, 'स्लीप', त्याखाली 'अलाऊ वेक टायमर्स'. इथे तीन पर्याय असतात: चालू, बंद, आणि 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली'. या तिसऱ्या पर्यायावर फार विसंबू नका. महत्त्वाचं काय हे विंडोज ठरवतं, तुम्ही नव्हे, आणि अपडेटनंतरचा रीस्टार्ट त्याच्या लेखी महत्त्वाचाच असतो. बॅटरीवर आणि प्लगवर अशा दोन्ही ओळींत 'डिसेबल' करा. रात्री बॅकअप घ्यायची व्यवस्था तुम्हीच लावली असेल तर मात्र ती यानंतर चालणार नाही. मग तो एक गजर ठेवून बाकीचे एकेक करून काढण्याची मेहनत घ्यावीच लागेल.

याच वर्गातलं एक विचित्र जागरण आहे. झोपवल्यानंतर काही तासांनी मशीन उठतं, थोडं गुणगुणतं आणि पुन्हा शांत होतं. नोंदीत 'एस-४ डोझ टू हायबरनेट' असं काही दिसतं. झोपेतून हायबरनेटमध्ये जायचं तर मेमरी डिस्कवर उतरवायला हवी, आणि तेवढ्यासाठी क्षणभर जागं व्हावंच लागतं. अधिक गाढ झोपण्यासाठी उठलेलं मशीन, काळजीचं काही नाही. त्रास होत असेल तर त्याच 'स्लीप' शीर्षकाखाली 'हायबरनेट आफ्टर' ची वेळ 'नेव्हर' करा.

आता एक गोष्ट सहसा सुटते. माणसाने न उठवलेलं विंडोज साधारण दोन मिनिटांत आपोआप परत झोपतं, तशीच त्याची रचना आहे. तरीही ते सकाळपर्यंत चालू सापडत असेल तर प्रश्न एक नाही, दोन आहेत: उठवलं कोणी, आणि परत झोपू कोण देत नाही? दुसऱ्याचं उत्तर पॉवरसीएफजीची 'रिक्वेस्ट्स' ही आज्ञा देते. एखादा थांबवून ठेवलेला व्हिडिओ, अर्धवट डाउनलोड किंवा आवाजाचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मशीनला जागं धरून बसलेला त्यात दिसतो.

झोपेचं सोंग घेणारे लॅपटॉप

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. गेल्या काही वर्षांतले बरेच लॅपटॉप नेमकं असंच सोंग घेतात. त्यांच्यात एस-३ नसतोच. त्याऐवजी 'मॉडर्न स्टँडबाय' असतं: स्क्रीन काळी, पण प्रोसेसर अर्धवट जागा, फोनसारखा. झाकण बंद करून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापलेला निघतो आणि बॅटरी निम्म्यावर येते, ती यामुळे. अशा लॅपटॉपवर लास्टवेकचा फारसा उपयोग होत नाही आणि वेक टायमर्सची ओळ कधीकधी दिसतच नाही.

आपला लॅपटॉप यातला आहे का, ते पॉवरसीएफजीला तिरकी रेघ आणि नुसतं 'ए' जोडून विचारता येतं. उत्तरात 'एस-० लो पॉवर आयडल' उपलब्ध असल्याचं आलं तर समजा हाच तो. मग 'स्लीपस्टडी' ही आज्ञा द्या. ती एक अहवाल तयार करते, तो ब्राउझरमध्ये उघडतो, आणि झोपेच्या प्रत्येक टप्प्यात कोणी किती धावपळ केली ते त्यात दिसतं. पण अहवाल वाचूनही हातात फारसे उपाय नसतात. लॅपटॉप बॅगेत टाकायचा असेल तर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट व्हावा अशी सेटिंग करणं हा मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, तो लागू द्यावा.

पूर्ण बंद असूनही उठत असेल तर

शिफ्ट धरून शटडाऊन केल्यावरही मशीन चालू झालं, तर बायोसमध्ये शिरा. चालू होताना बहुधा 'डिलीट' किंवा 'एफ-२' दाबून तिथे जाता येतं. ओळींची नावं प्रत्येक मदरबोर्डवर थोडी वेगळी असतात, पण पॉवर किंवा एपीएम अशा शीर्षकाखाली चार गोष्टी शोधायच्या.

सर्वांत आधी 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'एसी बॅक'. वीज जाऊन परत आली तर काय करायचं, हे ही ओळ ठरवते. 'पॉवर ऑन' असेल तर वीज आली रे आली की मशीन चालू. 'लास्ट स्टेट' असेल तर वीज जाताना जसं होतं तसं. घरच्या मशीनला 'पॉवर ऑफ' बरं. विजेचा क्षणभराचा झटका दिवा लुकलुकण्यापुरताच जाणवतो, पण मदरबोर्डसाठी तेवढा पुरतो, त्यामुळे वीज गेल्याचं आपल्याला कळलेलंही नसतं. मात्र वीज आल्यावर पंखा सेकंदभर फिरून लगेच थांबत असेल, तर काही मदरबोर्डांची ती नेहमीची सवय आहे, दुखणं नव्हे.

दुसरी ओळ आरटीसी अलार्म, म्हणजे घड्याळाचा गजर, बायोसनेच लावलेला. तिसरी 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई', ज्यात नेटवर्क कार्ड येतं. चौथी कीबोर्ड-माऊसने चालू होण्याची. तिन्ही 'डिसेबल्ड' करून चालतं.

या शेवटच्या तिन्ही गोष्टी एका फटक्यात बंद करणारी आणखी एक ओळ बऱ्याच मदरबोर्डांवर असते: 'ईआरपी रेडी' किंवा नुसतं 'ईआरपी'. युरोपीय संघाच्या नियमांनुसार २०१३ पासून बंद उपकरणाने अर्ध्या वॉटहून जास्त वीज खाऊ नये अशी मर्यादा आली, आणि ती पाळण्यासाठी मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी ही सोय दिली. ती चालू केली की शटडाऊननंतर यूएसबी, नेटवर्क कार्ड वगैरेंचा पुरवठाच तोडला जातो. ज्याला वीजच नाही तो उठवणार कसा? याची किंमत म्हणजे बंद मशीनच्या यूएसबीवर फोन चार्ज होणार नाही आणि नेटवर्कने मशीन उठवता येणार नाही. बहुतेकांना या दोन्हींशी कर्तव्य नसतं, म्हणून घरच्या डेस्कटॉपवर मी ही ओळ डोळे मिटून चालू करेन.

तो उठला नव्हताच, पडला होता

तिसऱ्या शक्यतेकडे लोक सहसा बघतच नाहीत. रात्री मशीन चालू होतं, स्क्रीन तेवढी काळी झाली होती. मध्येच विंडोज कोसळलं किंवा अपडेट झालं, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि सकाळी साइन-इनचा पडदा बघून आपल्याला वाटलं, की हे स्वतःहून चालू झालं.

इथेही इव्हेंट व्ह्यूअरच साक्षीदार. 'कर्नल-पॉवर' स्रोताची ४१ क्रमांकाची नोंद म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं: वीज गेली, कोसळलं किंवा गोठलं. १०७४ ची नोंद म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने रीतसर रीस्टार्ट केलं, आणि त्याचं नावही तिथेच लिहिलेलं असतं, बहुधा अपडेटवाल्याचं. अपडेटसाठी 'ॲक्टिव्ह अवर्स' ठरवता येतात, पण ते तास संपले की त्याला रान मोकळंच. त्यापेक्षा झोपण्याआधी अडलेला रीस्टार्ट स्वतः उरकून टाकलेला बरा.

वारंवार ४१ दिसत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ची खूण काढा. यामुळे कोसळणं थांबणार नाही, पण कोसळताना येणारा पडदा तसाच राहील आणि त्यावरचा संदेश वाचता येईल. पडदाही न येता मशीन पुन्हा सुरू होत असेल तर संशय पॉवर सप्लाय, तापमान किंवा मेमरीवर.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी

मॅकमध्ये 'वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस' आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची खूण, या दोन जागा सेटिंग्जमध्ये आधी बघाव्यात. जुन्या इंटेल मॅकवर 'पॉवर नॅप' ही. टर्मिनलमधलं 'पीएमसेट' हे पॉवरसीएफजीचं भावंड: त्याच्या नोंदवहीत उठण्याची कारणं मिळतात, आणि कधीतरी लावून विसरलेली रोजची वेळही तिथूनच रद्द होते. झाकण उघडताच सुरू होणारा मॅकबुक बिघडलेला नाही. २०१६ च्या अखेरच्या मॅकबुक प्रोपासून ती ॲपलची ठरवून केलेली सोय आहे.

लिनक्सवर 'प्रॉक' खालच्या 'एसीपीआय' फोल्डरात 'वेकअप' नावाची फाइल असते. उठवण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते त्यात सरळ लिहिलेलं. त्यात केलेला बदल मशीन पुन्हा सुरू झाल्यावर पुसला जातो. तो टिकवायचा तर सुरू होताना चालणारी एक छोटी सेवा लिहावी लागते. नेटवर्क कार्डासाठी 'ईथटूल', आणि सिस्टिमडीच्या टायमरमध्ये कुठे 'वेकसिस्टिम' चालू आहे का, हेही पाहून ठेवा.

शेवटी उरतं ते बटण

सगळं तपासून झालं, बायोस आवरून झालं, तरी मशीन मनाला येईल तेव्हा चालू होतंय? मग कॅबिनेटचं पॉवर बटण बघा. हे नुसतं एक स्प्रिंगचं बटण असतं, दोन बारीक वायरींनी मदरबोर्डला जोडलेलं. धूळ, दमटपणा किंवा थकलेली स्प्रिंग यांमुळे ते अर्धवट दाबलेलं राहतं आणि मदरबोर्डला वाटतं, कोणीतरी बोट ठेवलं. लक्षण ओळखीचं असतं: मशीन कधी आपोआप चालू होतं, तर कधी चालू असताना आपोआप बंदही होतं.

चाचणी सोपी. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, 'पॉवर एसडब्ल्यू' असं लिहिलेली दोन पिनांची जोडणी मदरबोर्डवरून उपसा. पुन्हा प्लग लावून मशीन तसंच काही दिवस बंद ठेवा. आता शांत राहिलं तर बटण दोषी, आणि 'रीसेट' ची जोडणी पॉवरच्या पिनांवर लावून रीसेटचंच बटण पॉवरसाठी वापरता येतं, नवा खर्च नाही. बटण तोडलेलं असूनही मशीन उठलं, तर पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड. आधी दुसरा पॉवर सप्लाय लावून बघावा, कारण तो बदलणं सोपं. पॉवर सप्लाय स्वतः मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही काळ राहतं.

दोष सापडेपर्यंत रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं हा उपाय कोणीही करू शकतं. फक्त त्याआधी मशीन खरंच शटडाऊन झालंय याची खात्री करा. ते नुसतं झोपलेलं असेल तर मेमरीची वीज जाईल आणि न साठवलेलं काम तिच्याबरोबर. आणि महिनोन् महिने रोज प्लग तोडत राहिलात तर घड्याळ चालवणारी मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी थोडी लवकर संपते. प्लग असताना घड्याळ त्या ५ व्होल्टवर चालतं, नसताना या बॅटरीवर. तारीख-वेळ मागे पडू लागली की ती बदलायची, आणि बदलल्यावर बायोसमधल्या त्या चार ओळी पुन्हा तपासायच्या, कारण काही मदरबोर्डांवर त्या मूळ पदावर गेलेल्या असतात.